हिरव्या शाईतली उत्तरं

३ जानेवारी, शुक्रवार

पत्राच्या डोक्यावर तुला काय म्हणून हाक मारावी, यातच माझा एक कागद फुकट गेला. ‘प्रिय’ लिहिलं तर तू हसशील. नुसतं नाव लिहिलं तर हजेरी घेतल्यासारखं वाटेल. म्हणून तुझ्या बाबांनी ठेवलेलं नाव उसनं घेते. ठकू, मी बरी आहे. गुडघे सोडून.

सहा वर्षांत तू मला लिहिलं नाहीस आणि मीही तुला नाही. जावई मधूनमधून नातीचे फोटो पाठवतात. तुला सांगून पाठवतात की चोरून, हे मी विचारत नाही. आज लिहायला बसले, कारण शाळा माझा सत्कार करते आहे. एक फेब्रुवारीला, शनिवारी. आत्ताची मुख्याध्यापिका माझीच विद्यार्थिनी, तुझ्या दोन वर्षं मागे होती. दोन वेण्या आणि सतत नाक ओढायची सवय. आता चष्मा लावून सगळ्या शाळेला दटावते. माझ्या ‘मनाच्या वही’वर तिने एक पुस्तिका तयार केली आहे. संस्थेच्या अठरा शाळांमधल्या शिक्षकांना ती वाटणार आहेत.

‘बाईंची मुलगी आणि विद्यार्थिनी’ म्हणून तिने तुझ्याकडेही एक पान मागितलं होतं. तुझं उत्तर तिने मला दाखवलं. दाखवताना ती इतकी अवघडली, की मलाच तिची समजूत घालावी लागली. “माझी पाचवीतली वही बाईंकडे असेल. तीच छापा.” एवढंच लिहिलं होतंस.

मला राग आला, तो लपवत नाही. एकतीस वर्षं पाचवीचा वर्ग सांभाळला मी. आईबापांना न कळलेली पोरं मला कळली, असं लोक म्हणतात, मी नाही म्हणत. परवा बँकेच्या रांगेत एक टक्कल पडलेला माणूस वाकून म्हणाला, “बाई, तुमच्या वहीने मला माणसात ठेवलं.” परका माणूस असं बोलतो आणि पोटची पोर एक ओळ लिहून हात झटकते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. चांगलं पान लिहून दे. अजून वेळ आहे.

तुझी आई


९ जानेवारी, गुरुवार

ठकू,

उत्तर नाही. ठीक.

मुख्याध्यापिकेला प्रदर्शनात मांडायला जुन्या वह्या हव्या होत्या. काल माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढून घेतली. दिवसभर जमिनीवर बसून वाचत होते, उठताना खुर्चीला धरून उठावं लागलं. काय काय लिहिलंय पोरांनी. ‘मला देव दिसत नाही पण तो मला बघतो का?’ ‘माझी बहीण मेली तेव्हा मला रडू आलं नाही, मी वाईट आहे का?’ ‘मला मोठेपणी कोणीच व्हायचं नाहीये, चालेल का?’ पुस्तकातल्या धड्याखाली असले प्रश्न नसतात.

तुला पद्धत ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण पुस्तिकेत ती माझ्याच शब्दांत आली आहे आणि वाचून मला बरं वाटलं. शुक्रवारी शेवटचा तास. आधी पाच मिनिटं डोळे मिटून गप्प बसायचं. मग मनात जे असेल ते लिहायचं. बाईंची वचनं तीन. शुद्धलेखनाच्या चुका काढणार नाही. गुण देणार नाही. तुझं लिहिलेलं कुणालाही सांगणार नाही, घरच्यांना तर मुळीच नाही. रविवारी मी सगळ्या वह्या वाचायचे आणि हिरव्या शाईने उत्तर लिहायचे. लाल शाई चुकांची, म्हणून हिरवी. मुलाच्या मनात शिरायचं तर दार वाजवून शिरावं, असं मी नव्या शिक्षकांना सांगायचे.

पाचवीची तुकडी एकच, त्यामुळे तू माझ्याच वर्गात आलीस. तेव्हा आपण ठरवलं होतं, नाक्यावरच्या शिंप्याच्या दुकानापाशी तू माझा हात सोडायचा. तिथून पुढे मी बाई, मागे आई. एकदा वर्गात तुझ्या तोंडून ‘आई’ निघालं आणि पोरं हसली. मी तुला दुसऱ्यांदा हात वर करून ‘बाई’ म्हणायला लावलं. सगळी मुलं सारखी, आपलं-परकं करायचं नाही, याचा मला फार अभिमान होता. वहीतलं घरी काढायचं नाही, घरातलं शाळेत न्यायचं नाही.

तुझी वही मिळाली नाही. पेटीच्या एका कोपऱ्याला वाळवी लागली होती, बऱ्याच वह्या टाकाव्या लागल्या. तुझीही त्यातच गेली असेल.

थंडी आहे. नातीच्या कानाला वारा लागू देऊ नकोस.

आई


१९ जानेवारी, रविवार

ठकू,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. वाळवी लागली होती ते खरं, पण तुझी वही त्यात नव्हती. ती कधी पेटीत ठेवलेलीच नव्हती. ती माझ्या कपाटात आहे, घराच्या कागदपत्रांखाली, एकोणतीस वर्षं. मी ती तीनदा जाळायला काढली आणि तिन्ही वेळा परत ठेवली.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं वय राहिलं नाही. काय लिहिलं होतंस ते तुझं तुला पाठ असेल, तरी मी माझ्या हाताने उतरवून काढते.

पहिलं पान, ऑगस्टमधलं. “बाई, माझे बाबा आता कामावर जात नाहीत. सकाळी डबा घेऊन जातात पण मी साडेबाराला घरी येते तेव्हा ते घरीच असतात. संध्याकाळी आई दुपारच्या शाळेचे तास संपवून यायच्या आधी परत बाहेर जातात आणि मग कामावरून आल्यासारखे येतात. बाबा म्हणाले आईला सांगू नको. तुम्ही पण आईला सांगू नका.”

त्याखाली माझं उत्तर. “तू फार समजूतदार मुलगी आहेस. बाबांचा विश्वास जपलास, शाब्बास.”

दुसरं पान, सप्टेंबर. “बाई, बाबा मोरीत नळ सोडून रडतात. बाहेर आले की म्हणतात साबण डोळ्यात गेला. मी काय करू?” आणि मी लिहिलं, “तू त्यांच्याजवळ बसून एखादी छान गोष्ट वाचून दाखव. प्रेमाने सगळं बरं होतं.”

हे मी लिहिलं. दहा वर्षांच्या पोरीला. आणि रात्री त्याच माणसाच्या ताटात भाजी वाढताना विचारलं, “आज काम फार होतं का?” ते म्हणाले, “नेहमीचंच.”

मला वहीतूनच कळलं, असंही नाही. तुझे बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. लग्न झाल्यापासून त्यांची बोटं मी कधी स्वच्छ बघितली नव्हती. नखांच्या कडांना शाई असायचीच, कितीही घासा. छापखान्यात संगणक आले आणि खिळे जुळवणाऱ्यांना घरी बसवायला लागले, हे सगळ्या गावाला माहीत होतं. ऑगस्टच्या शेवटी ते भाकरी मोडत होते आणि त्यांची नखं पांढरी होती. मी बघितलं आणि मान खाली घातली.

का विचारलं नाही? एकोणतीस वर्षं स्वतःला सांगत आले, की मी तुला वचन दिलं होतं. तुझं गुपित घरी फोडलं असतं तर तू पुन्हा कधी लिहिलं नसतंस, वर्गातल्या कुठल्याच मुलाने लिहिलं नसतं. ऐकायला किती छान वाटतं. खरं सांगू का, ते वचन माझ्या सोयीचं होतं. विचारलं असतं तर त्या माणसाला माझ्यासमोर मोडताना बघावं लागलं असतं, आणि त्याची मला भीती वाटत होती. थोडा रागही होता, की मला सांगत नाहीत आणि पोरीला सांगतात. म्हणून जे आईला झेपत नव्हतं ते मी बाईंच्या टेबलावर ठेवून दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता तिसरं पान. तो रविवार तुलाही आठवत असणार. मी जेवणाच्या टेबलावर वह्या घेऊन बसले होते. तू समोर भूगोलाचा नकाशा रंगवत होतीस. बाबा खिडकीपाशी तुझ्या दप्तराचा तुटलेला पट्टा दाभणाने शिवत होते. दर रविवारी तुझी वही हातात आली की तू पाणी प्यायला आत जायचीस. त्या दिवशी गेली नाहीस. माझ्याकडे बघत बसलीस.

“बाई, काल बाबा म्हणाले, ठकू, तू आता मोठी झालीस, आईकडे लक्ष ठेव. मी विचारलं तुम्ही कुठे जाणार. ते माझ्या दप्तराचा पट्टा बघायला लागले. मला भीती वाटते.”

ते माझ्यापासून चार हातांवर होते. मान वर करून ‘अहो’ म्हणायचं होतं, बस. मी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं, “बाबांना तू मोठी वाटतेस, ही केवढी अभिमानाची गोष्ट! जबाबदारी माणसाला घडवते.”

मंगळवारी तुझ्या बाबांनी स्वतःला संपवलं.

माणसं आली, तुझी आत्या आली. आत्याने मला धरून विचारलं, “वहिनी, तुला काहीच कसं कळलं नाही गं?” मी म्हणाले, “आम्हाला कुणालाच काही कळलं नाही.” तू माझ्या मांडीपाशी बसली होतीस. तू वर बघितलंस. रडत नव्हतीस. ती नजर घेऊन मी एवढी वर्षं जगले आणि तिला दुसरं काहीतरी नाव देत राहिले. पोर धक्क्यात आहे, पोर अबोल आहे, पोर बाबांची लाडकी होती.

त्यानंतर शाळेचं वर्ष संपेपर्यंत तुझी वही कोरी आहे. आणि दर आठवड्याला कोऱ्या पानाखाली माझी हिरवी ओळ आहे. “या आठवड्यातही काहीच नाही का?” काल त्या ओळी मोजल्या. एकवीस.

सहा वर्षांपूर्वी तू समोर बसून विचारलंस, “आई, तू ती वही वाचली होतीस ना?” मी म्हणाले, “तू लहान होतीस, तुला नीट आठवत नसेल.” तू चहाचा कप तसाच ठेवून उठलीस. त्या दिवसापासून ही सहा वर्षं.

मला माहीत होतं, ठकू. तुला नीट आठवतंय. मी वाचलं होतं आणि मला कळलंही होतं. ‘आईला सांगू नका’ असं लेकीने आईच्याच हातात लिहून दिलं, तर ती आईलाच सांगत असते. हे कळायला शिक्षक असावं लागत नाही.

आई


२७ जानेवारी, सोमवार

ठकू,

उत्तराची वाट बघणार नाही असं ठरवून रोज पोस्टमनच्या वेळेला दारात उभी राहते.

आज शाळेत जाऊन मुख्याध्यापिकेला म्हणाले, तिसरं वचन पुस्तिकेतून काढ. ती हसली. “बाई, तोच तर तुमच्या पद्धतीचा आत्मा आहे.” मी म्हटलं, “त्या आत्म्यापायी माणूस गेलाय.” तिला वाटलं, वयामुळे बाई असं बोलतात. तिने मला पाणी दिलं. पुस्तिका छापून आल्या होत्या, तिच्या खोलीत भिंतीला लावून गठ्ठे रचले होते. “आता कार्यक्रमाच्या तोंडावर कसं बदलू, तुम्हीच सांगा,” म्हणाली. तिचंही खरंच होतं.

सुटकेचा एकच रस्ता दिसतो. मी व्यासपीठावर बोलेन. पण तुझी पानं तुझी आहेत. ‘तीच छापा’ हे तू रागाने लिहिलंस, एवढं मला कळतं. वाचू का, हे मी विचारते आहे, आणि शनिवारपर्यंत ‘वाच’ आलं नाही तर तुझा एक शब्दही वाचणार नाही.

आई


२ फेब्रुवारी, रविवार

ठकू,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून मी फक्त माझी उत्तरं वाचली.

सभागृह भरलं होतं. अठरा शाळांचे शिक्षक, पहिल्या रांगेत संस्थेचे लोक. अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना मला ‘मुलांच्या मनाची माळीण’ म्हटलं. मी उठले, वही उघडली आणि म्हणाले, “एका मुलीला मी तीन उत्तरं लिहिली होती, ती वाचते.” पहिलं वाचलं तेव्हा माना डोलल्या. दुसऱ्याला, ‘प्रेमाने सगळं बरं होतं’ म्हटल्यावर, मागे कुणीतरी हळूच ‘वा’ म्हणालं. तिसऱ्याला टाळ्या पडल्या. चांगल्या भरघोस टाळ्या. त्या थांबेपर्यंत मला उभं राहावं लागलं, आणि तेवढा वेळ माझ्या सगळ्या नोकरीहून मोठा वाटला.

मग मी सांगितलं, की या तिसऱ्या उत्तरानंतर दोन दिवसांनी त्या मुलीच्या वडिलांनी जीव दिला. ती मला तेच सांगत होती आणि मी तिला शाबासकी देत होते. “तुम्ही म्हणाल, बाईंना कसं कळणार, त्या काय त्या घरात राहत होत्या? मी त्या घरातच राहत होते. तो माझा नवरा होता.”

मग मी म्हटलं, “मुलाला गप्प बसायला शिकवा, आत बघायला शिकवा, मनातलं लिहायला शिकवा. पण त्याने हाक मारली तर वहीत उत्तर लिहीत बसू नका, उठून जा. तिसरं वचन देऊ नका. मी दिलं आणि त्याच्याआड लपले.”

तुझं नाव घेतलं नाही, पण माझी मुलगी एकच आहे, तेव्हा ते न घेण्यात काही अर्थ नव्हता. यासाठी तू माझ्यावर चिडू शकतेस. अध्यक्षांनी आभाराचे दोन शब्द घाईत उरकले. शाल माझ्या खांद्यावर कुणी घालायची यावरून थोडा गोंधळ झाला. मग ती खुर्चीवरच राहिली. जाताना पुस्तिका मात्र सगळ्यांनी नेल्या.

आई


६ फेब्रुवारी, गुरुवार

ठकू,

हे शेवटचं पत्र. यानंतर तुला त्रास देणार नाही.

मंगळवारी सकाळी दारात एक तरुण शिक्षिका उभी होती. नोकरीला दोनच वर्षं झालेली, शनिवारी मागच्या रांगेत बसली होती म्हणे. मुख्याध्यापिकेने पुस्तिकेचा मजकूर आधीच तिच्या शाळेला पाठवला होता आणि नवीन वर्षापासून तिने वहीचा तास सुरूही केला होता. तिने पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. “बाई, ही दहा दिवस घेऊन फिरतेय मी. उत्तर पेन्सिलने लिहून ठेवलंय, पण वही परत द्यायचा धीर होत नाहीये.”

मुलीने लिहिलं होतं, “माझी आई शिवणकाम करते. आता ती सगळं देऊन टाकते आहे. कात्र्या शेजारच्या काकूंना दिल्या. काल मशीन पण दिलं. म्हणते, मला आता लागणार नाही. कुणाला सांगू नका.” खाली पेन्सिलने, सुरेख अक्षरात, “तुझी आई किती उदार आहे!”

मी चपला घातल्या. ती म्हणाली, “आत्ता? मी मुलीला वचन दिलंय बाई.” मी तिचा दंड धरला आणि जिना उतरले. माझे गुडघे त्या दिवशी कुठे गेले होते कुणास ठाऊक.

मुलीचे वडील मालमोटार चालवतात, नशिबाने घरी होते. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली होती. मुलगी शाळेला निघायच्या तयारीत होती, एका पायात मोजा. आम्ही वडिलांना जिन्यात बोलावून वही वाचायला दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. “मला म्हणाली, मशीन दुरुस्तीला दिलंय,” असं म्हणून ते पायरीवर बसले. थोड्या वेळाने उठून आत गेले आणि बायकोच्या शेजारी जमिनीवर बसले. दुपारी आम्ही सगळे मिळून तिला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, पण सोपं नाही, लक्ष ठेवावं लागेल. अजून ती तिथेच आहे. पुढचं मला माहीत नाही.

पण तुला सांगायचं आहे ते त्या मुलीबद्दल. जिन्यात तिने बापाच्या हातात आपली वही बघितली आणि तिला सगळं कळलं. शिक्षिकेकडे बघून म्हणाली, “तुम्ही म्हणाला होतात कुणाला सांगणार नाही. खोटारड्या आहात तुम्ही.” मग माझ्याकडे वळली. “आणि तुम्ही कोण?” असा राग मी कुठल्या मुलाच्या डोळ्यांत बघितला नव्हता. शिक्षिका रडायला लागली. मी तिथेच उभी राहिले, कठड्याला धरून, आणि ती मुलगी जितका वेळ माझ्याकडे बघत होती तितका वेळ मीही नजर खाली घातली नाही.

तुझ्या वाट्याचा होता तो राग. दहा वर्षांची असताना तू माझ्यावर असंच चिडायला हवं होतंस, खोटारडी म्हणायला हवं होतंस, आठवडाभर माझ्याशी बोलायला नको होतंस. आणि आपल्या दोघींची समजूत घालायला बाबा असायला हवे होते.

आई